एकही वर्ष न चुकवलेला माणूस

सोलाबुगूत सकाळी घराबाहेर पडलेला माणूस बैठकीच्या कडुनिंबापर्यंत पोचेस्तोवर त्याला निदान चार जण तरी गुलाम म्हणतात. यात रागवण्यासारखं काही नसतं. कुठल्या आडनावानं कुठल्या आडनावाची थट्टा करायची हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. त्राओरेला जारा दिसला की त्यानं म्हणायचं, "काय रे माझ्या गुलामा, आज मालकाच्या आधी उठलास?" जारानं म्हणायचं, "तुला विकत घेतला तेव्हा दात मोजून घेतले होते. त्यातले दोन कुठे गेले?" आणि कुलिबाली आडनावाचा माणूस दिसला की सगळ्यांनीच त्याला चवळीखाऊ म्हणायचं. चवळीनं पोटात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मयताच्या घरीसुद्धा थट्टेच्या नात्यातला कोणी येतो, रडणाऱ्यांच्या मधोमध बसतो आणि प्रेताला दटावतो, "ऊठ रे गुलामा, कामाच्या वेळी झोपेचं सोंग नको." रडणारे हसतात, आणि मग पुन्हा रडायला त्यांना जरा जोर येतो.

अशा गावात नुहूम जाकिते अठ्ठावन्न वर्षं राहिला आणि थट्टेत त्याला कोणी एकदाही गुलाम म्हणालं नाही.

लहानपणी त्याला वाटायचं, आपल्यात काहीतरी कमी आहे. जारांची पोरं बाकीच्या जाकित्यांच्या पोरांना गुलाम गुलाम म्हणून नदीपर्यंत पळवायची, आणि नुहूम मध्ये आला की एकदम शहाण्यासारखी गप्प व्हायची. एकदा त्यानं वडिलांना विचारलं. वडील भुईमूग फोडत बसले होते. ते म्हणाले, "लंगड्याला कोणी लंगड्या म्हणून चिडवतं का?" नुहूमनं आधी आपले दोन्ही पाय तपासून पाहिले. अर्थ कळायला त्याला आणखी एक पावसाळा लागला.

अर्थ असा होता. नुहूमच्या आजोबांना लढायांच्या दिवसांत दुसऱ्याच कुठल्या मुलखातून धरून आणलं होतं आणि मोठ्या घरानं त्यांना मिठाच्या लादीच्या बदल्यात घेतलं होतं. मोठं घर म्हणजे गावातलं मूळचं जाकित्यांचं घर. पुढे गोऱ्यांनी गुलामी कागदावर बंद केली. ती बातमी सोलाबुगूत पोचली तेव्हा आजोबा शेतावर होते आणि संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी नेहमीसारखं मोठ्या घरचं पाणी भरलं. जायचं कुठे? आपलं गाव कोणतं हे त्यांना सांगता येत नव्हतं, आईचं नाव तेवढं आठवत होतं. मोठ्या घरानंही त्यांना वाईट वागवलं नाही. आपलं आडनाव दिलं, बायको करून दिली, आणि ओढ्याकाठचं काटेरी रान दाखवून सांगितलं, हे साफ कर आणि खा. आजोबांनी ते साफ केलं. तेच नुहूमचं शेत. पण जमीन मागून घेतलेली. हा शब्द कोणी उच्चारत नसे, त्याची गरजच नव्हती.

नुहूमचा खरा धंदा कलमं बांधायचा. न्हाव्यानं टाकून दिलेला एक वस्तरा त्यानं घासून घासून असा केला होता की तो आंब्याच्या काडीला नुसता दाखवला तरी तिला कापील. बांधायला मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. काम करताना पट्टी दातांत धरलेली असे, त्यामुळे नुहूमला बोलता येत नसे, आणि याचा फायदा घेऊन गावातल्या बायका झाडाखाली येऊन त्याला आपापल्या नवऱ्यांच्या तक्रारी ऐकवत. तो हुं हुं करी. सोलाबुगूतल्या संसारांची त्याच्याइतकी माहिती इमामालाही नव्हती.

गावात आज जेवढे केंट जातीचे आंबे आहेत, त्यांतला जवळजवळ प्रत्येक नुहूमच्या हातचा. रस्त्यानं जाताना तो झाडांची विचारपूस करी, माणसांची करतात तशी लांबलचक. "बरा आहेस? फांद्या बऱ्या? मुळं बरी? पाणी बरं?" जारांच्या कुंपणापाशी एक झाड दरवर्षी उशिरा मोहरायचं. त्याला तो म्हणे, "आळशी रे आळशी, अगदी मालकावर गेलास." आत जारा खोकून दाखवी.

स्वतःचं मात्र एकही झाड नाही. कारण मागून घेतलेल्या जमिनीत झाड लावायचं नाही आणि विहीर खणायची नाही, ही आमच्याकडची रीत. भुईमूग लावा, मका लावा, कापूस लावा, जे एका पावसाळ्यात येतं आणि जातं ते काय हवं ते लावा. झाड लावलं की लोक विचारतात, झाड कुणाचं? मग विचारतात, जमीन कुणाची?

म्हणून नुहूमनं आपली झाडं पिशव्यांत ठेवली होती. खताच्या पिशव्या, तेलाचे डबे, बूड गेलेलं एक न्हाणीचं घमेलं, अशा एक्केचाळीस संसारांत एक्केचाळीस कलमं त्याच्या अंगणात बसली होती. पिशवीतलं झाड म्हणजे पाहुणा. पाहुण्याला कोणी हरकत घेत नाही. प्रत्येकाच्या बुडाखाली सपाट दगड, मुळं खाली उतरू नयेत म्हणून. सगळ्यात थोरलं कलम सात वर्षांचं, छातीइतकं उंच. त्यानं गेल्या वर्षी मुठीएवढे दोन आंबेही धरले होते. त्याची बायको कोरो म्हणायची, "लोकांच्या घरी कोंबड्या असतात, बकऱ्या असतात. माझ्या नवऱ्यानं पाळलीत झाडं. रोज उचलून इकडची तिकडे करायची. एक दिवस माझ्याखालीपण दगड ठेवाल."

"तू आधीच मुळं धरलीस," नुहूम म्हणायचा. "आता तुला उचलणं माझ्यानं व्हायचं नाही."

एकदा मोठ्या घरचा झुमाना बामाकोहून आला होता. हा मोठ्या घरचे कर्ते बुरामा जाकिते यांचा मुलगा. शहरात दुकान टाकलेला, पस्तिशीचा, गुळगुळीत बोलणारा. नुहूमला तो काका म्हणायचा आणि काम सांगायचा. अंगणात येऊन त्यानं चहाचा पहिला पेला घेतला, दुसरा घेतला, आणि तिसरा हातात घेऊन कलमांच्या रांगेतून हिंडू लागला.

"काका, ह्या पिशवीखाली दगड नाही वाटतं."

"आहे की. खचलाय जरा."

"बघू?"

त्यानं पिशवी कलती केली. दगड होता, पण त्याच्या कडेनं बोटाएवढं जाड मूळ जमिनीत उतरलं होतं. झाड सात वर्षांचं, दोन आंबे धरलेलं तेच.

"झाडाला काय कळतंय," नुहूम म्हणाला.

"मला काही नाही हो काका. मी काय, आज आहे, उद्या बामाकोत. पण लोक बघतात. उद्या दुसरा कोणी म्हणेल, नुहूमनं लावलं, मग मी का नको."

"बरोबर आहे."

"तुम्ही समजूतदार आहात म्हणून बोललो."

नुहूमनं वस्तरा काढला आणि मूळ कापलं. झुमाना तिसरा पेला संपवून गेला. कोरो चूल फुंकत होती. ती म्हणाली, "समजूतदार म्हणे. मी तुमच्याशी लग्न केलं तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं हो की एवढा समजूतदार माणूस मिळणार आहे. नाहीतर विचार केला असता." ते झाड त्या उन्हाळ्यात वाळलं.

या दोघांची मुलगी असितान सिकासोला आंबा वाळवायच्या कारखान्यात होती. सोलाबुगूतल्या आंब्यांच्या फोडी ती तिथे जाळीवर मांडायची, आणि आंबा चाखून तो कुठल्या गावचा हे सांगायची. हे कौशल्य वडिलांकडून आलेलं, पण त्याचा पगार मिळत नव्हता. मिळायचा तो जाळ्या उचलण्याचा. गेल्या वर्षी बुगुनीच्या बाजूला बायकांची एक सोसायटी निघाली. स्वतःच्या जमिनीत आंब्याची बाग असेल त्या बाईला ती सभासद करून घेई, आणि सभासदाला उन्हावर चालणारं वाळवणयंत्र वापरायला देई. असितान तिथे चौकशी करून आली. फॉर्मवर एक ओळ होती, जमिनीचा कागद जोडावा.

"जोडला की मी परत येते," ती फोनवर म्हणाली. "तुम्ही कलमं तयार ठेवलीच आहेत. तीन वर्षांत फळ धरतील. मी तिथे दुसऱ्याचे आंबे कापते, ते घरी आपले कापीन. आणि आईच्या हातचं खाईन. इथे भेंडीच्या कालवणात भेंडी शोधावी लागते."

कागद कसा जोडायचा, हा प्रश्न त्या वर्षीच्या कोरड्या दिवसांत अचानक सुटल्यासारखा झाला. सरकारची माणसं गावोगाव हिंडून जमिनींची मोजणी करणार आणि ज्याची जमीन त्याला कागद देणार, अशी दवंडी आली. रेडिओवर तर बाई रोज सांगत होती की जो कसतो त्याची नोंद होणार. कोरोनं रेडिओला दोनदा विचारलं, "नक्की ना गं?"

असितानचा फोन रोज येऊ लागला. "बाबा, नीट ऐका. ते विचारतील, जमीन कोणी साफ केली. सांगा, आजोबांनी. ते विचारतील, कसतं कोण. सांगा, मी. बस. त्याच्यापुढे काही बोलू नका."

"बोलू नको म्हणजे? माणसानं प्रश्न विचारला तर?"

"तर ती पट्टी दातांत धरा."

नुहूमला हसू आलं. चार रात्री तो अंथरुणावर पडून ओढ्याकाठचं शेत डोळ्यांपुढे आणत होता. वरच्या अंगाला केंट, खाली ओलीकडे अमेली जातीचा आंबा, मध्ये गाडी जाईल एवढी वाट. त्याच्या डोक्यातली बाग एवढी दाट झाली की त्याला तिच्यात चालताना वाकावं लागे.

मोजणीवाले आले त्या दिवशी कडुनिंबाखाली सगळं गाव जमलं. बुरामा जाकिते आपल्या खुर्चीवर, शेजारी इमाम, गावसमितीचे पाच म्हातारे चटईवर. बुरामाला दमा होता. तो दर दोन वाक्यांनी थांबून श्वास घेई, त्यामुळे त्याचं साधं बोलणंही विचार करून केल्यासारखं वाटे. माणूस मऊ होता. नुहूम आणि तो एकाच वर्षी एकाच झोपडीत सुंतेला बसले होते. नुहूमच्या वडिलांच्या शेवटच्या आजारात बुगुनीचं औषध त्यानंच आणवलं होतं. नुहूम त्याला दादा म्हणायचा.

मोजणीचा साहेब जेमतेम तिशीचा, टोपीवाला, बामाकोचा. नाव कुलिबाली. त्यामुळे सकाळपासून गाव त्याला चवळी किती खाल्ली विचारत होतं आणि तो खूश होता. काम झपाझप चाललं होतं. जारांचं शेत झालं, त्राओरेंचं झालं. मग त्यानं यादी पाहिली.

"नुहूम जाकिते."

"मी," नुहूम पुढे झाला.

"जाकिते!" साहेबानं मांडीवर थाप मारली. "अरे गुलामा! सकाळपासून तुझी वाट बघतोय. मालक उन्हात बसलाय आणि तू आत्ता येतोस?"

कडुनिंबाखाली एकदम शांतता झाली. इमामानं जपमाळ काढली. त्राओरेला खोकला आला, तो बघून आणखी तिघांना आला. बुरामानं श्वास घेतला तो सोडायलाच विसरला. परगावच्या साहेबाला काय माहीत. त्याला जाकिते आडनाव दिसलं, त्यानं रीतीप्रमाणे थट्टा केली.

आणि नुहूमच्या आत असं काहीतरी फुललं की ते त्याला आवरेना. अठ्ठावन्न वर्षांनी कोणीतरी त्याला इतर जाकित्यांसारखा जाकिते समजलं होतं.

"चवळीखाऊ!" तो ओरडला. "मालक म्हणे! वारा सुटलाय म्हणून मी लांब उभा होतो! तुझ्या बापाला माझ्या बापानं अर्धी टोपली चवळीवर सोडवला, आणि बापानं ती चवळी वाटेतच संपवली!"

साहेब खुर्चीवरून पडायचा राहिला. "वा, काका, वा!" त्यानं डोळे पुसले. हळूहळू बाकीचेही हसले, जरा बेतानं. मागच्या बायकांत कोरो एकटीच मोठ्यानं हसत होती.

त्या हसण्यात नुहूम इतका हलका झाला होता की पुढच्या प्रश्नांना तो एखाद्या लग्नातल्या वऱ्हाड्यासारखा उत्तरं देऊ लागला.

"जमीन कोणी साफ केली, काका?"

"माझ्या आजोबांनी. काटेरी रान होतं. एक बोट गेलं त्यात त्यांचं."

"कसतं कोण?"

"आजोबा, मग बाप, आता मी."

"हे दुसरे जाकिते, बुरामा. तुम्ही एकाच घरचे?"

"एकच घर," चटईवरचे पाचही म्हातारे एकदम म्हणाले.

"भाऊच आहे माझा," बुरामा म्हणाला, आणि त्यानं ते मनापासून म्हटलं.

"झाडं? आंबा, काजू, काही?"

"नाहीत."

साहेबानं मान वर केली. "कलमवाले नुहूम म्हणतात ते तुम्हीच ना? मग तुमच्याच शेतात झाड नाही?"

"सवड झाली नाही," नुहूम म्हणाला. गाव पुन्हा खोकलं.

"शियाच्या तेलबियांची जुनी झाडं दिसली मला तिथे. त्यांची फळं कोण वेचतं?"

"मोठ्या घरच्या बायका."

साहेबानं काहीतरी लिहिलं. मग तो पेन थांबवून सावकाश म्हणाला, "या शेताबद्दल तुम्ही कुणाला काही देता का?"

खरं तर प्रश्न साधा होता आणि त्याला उत्तरही साधं होतं. पण तो विचारला गेला बुरामाच्या पुढ्यात, समितीच्या पुढ्यात, ज्या प्रत्येकाच्या घरी नुहूमची कलमं होती त्या सगळ्या गावाच्या पुढ्यात. दर वर्षी कापणी झाली की नुहूमच्या घरातून मोठ्या घरी फोनिओ या बारीक धान्याची एक टोपली आणि चघळायच्या कोलाच्या दहा बिया जात. कोलाच्या बिया पांढऱ्या आणि न किडलेल्या. ही टोपली नुहूमच्या घराची अब्रू होती. गावात कुणी कुणाला दिलेला शब्द पाळला नाही की लोक म्हणत, जरा नुहूमच्या घराकडे बघा. आजवर एवढी एकच गोष्ट गावानं त्या घराची म्हणून मोठ्यानं बोलून दाखवली होती. ती आज सरकारनं विचारली होती.

"देतो तर," नुहूम म्हणाला.

"म्हणजे सणासुदीला भेट देतात तसं? थोरल्या माणसाला मान म्हणून?" साहेब म्हणाला. त्यानं हे असं विचारलं, जसं दार अर्धं उघडून धरावं. "ते मी लिहीत नाही. मान सगळेच देतात."

"मान वेगळा. ती जमिनीची टोपली," नुहूम म्हणाला. सरकारला आपलं बोलणं कमी वाटू नये म्हणून त्यानं आवाज चढवला. "एक वर्ष चुकलं नाही, साहेब. टोळ आले तेव्हा घरात खायला नव्हतं, तर माझ्या बापानं जारांकडून उसना फोनिओ आणून टोपली भरली. विचारा जारांना."

"खरं आहे," म्हातारा जारा म्हणाला. "माझ्या बापानं दिला होता."

"आजोबा मेले त्या वर्षी चाळिसावा व्हायच्या आधी टोपली गेली. मी स्वतः तापानं आडवा होतो तेव्हा हिनं नेली. कोला किडलेली कधी दिली असेल तर दादांनी आत्ता सांगावं."

"कधीच नाही," बुरामा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "असा माणूस... पूर्ण मुलखात... मिळायचा नाही."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. इमामानं आशीर्वाद दिला. मागे कोरोनं मात्र तोंडावर फडकं धरलं होतं. तिला पहिल्या 'देतो'लाच कळलं होतं.

साहेबानं भरलेला कागद पुन्हा वरून खाली वाचला. हसून हसून फुललेला त्याचा चेहरा आता अवघडला होता. "काका," तो म्हणाला, "मला रकाना भरावा लागतो. हक्कदार आणि वापरणारा, असे दोनच रकाने आहेत."

"भरा की."

त्यानं भरला. हक्कदार म्हणून बुरामा जाकिते. वापरणारा म्हणून नुहूमचं नाव आलं, पण त्या रकान्याला कागद मिळत नव्हता. चतुःसीमा दाखवायला मात्र ओढ्यापासून वडाच्या खोडापर्यंत साहेबाबरोबर नुहूमच चालला, कारण त्या शेताच्या कडा त्याच्याइतक्या कुणालाच ठाऊक नव्हत्या. एका ठिकाणी मोठ्या घरच्या माणसानं हद्द अलीकडे दाखवली, तर नुहूमनंच ती दुरुस्त करून चार पावलं पुढे नेली. शेवटी साक्षीदार म्हणून त्याचा अंगठा घेतला.

गाडी निघताना साहेब खिडकीतून म्हणाला, "येतो, काका." या वेळी तो गुलाम म्हणाला नाही. त्यालाही कोणीतरी सांगितलं असावं.

असितानला फोन कोरोनं केला. नुहूम शेजारी बसला होता. फोनमधून कारखान्यातल्या पंख्यांची घरघर येत होती.

"सांगितलं?" असितान म्हणाली.

"सांगितलं," कोरो म्हणाली. "सगळं सांगितलं. काहीही शिल्लक ठेवलं नाही."

मग असितान म्हणाली, "बाबांना दे."

नुहूमनं फोन कानाला लावला. "अगं, खोटं कसं बोलणार?" तो म्हणाला. "सगळे बसले होते."

"खोटं नव्हतं बोलायचं, बाबा. गप्प बसायचं होतं."

"आणि दादा काय म्हणाले असते? की नुहूम नाही म्हणाला?"

"काय झालं असतं, बाबा, ते म्हणाले असते तर?"

काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. कदाचित त्याच्या घराकडे बघा म्हणायचं लोकांनी सोडलं असतं. ते गेल्यावर नुहूमकडे काय राहिलं असतं, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "तू जेवलीस का?"

"बाबा, माझी कामाची पाळी सुरू होतेय."

बुरामानं त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून सांगितलं, "काही बदलत नाही हं. कागद... नुसता कागद. तू कसत होतास तसा कस." आणि तो खरंच तसं समजत होता. पाऊस पडायच्या आत दम्यानं त्याला गाठलं. नुहूमनं कबर खणायला मदत केली आणि सगळ्यांत जास्त तोच रडला. जारांपैकी एकानं रीतीप्रमाणे प्रेताला "ऊठ रे गुलामा" म्हणून लोकांना हसवायचा प्रयत्न केला, तेव्हा नुहूम हसला नाही.

चाळिसाव्याच्या जेवणानंतर झुमाना अंगणात आला. चहा नको म्हणाला.

"काका, बँक कागदावर कर्ज देतेय. ओढ्याकाठी काजू टाकतो म्हणतो."

"पेरणी तोंडावर आलीय."

"म्हणूनच आधी सांगायला आलो. टेकडीपलीकडे आपली जमीन आहे की. हवी तेवढी घ्या. मी काय तुम्हाला सोडणार आहे? तुम्ही घरचे."

"टेकडीपलीकडे दगड आहेत," कोरो म्हणाली.

"काकू, दगड काढता येतात," झुमाना म्हणाला. तो वाईट हेतूनं म्हणाला नाही. त्याच्या घरात दगड नेहमी कोणीतरी दुसऱ्यानंच काढले होते, त्यामुळे त्याला ते काम अवघड वाटत नव्हतं.

अंगणातली कलमं नुहूमनं बाजाराच्या दिवशी गाढवगाडीवर घालून नेली आणि मागतील त्यांना देऊन टाकली. पिशवीत झाड आणखी किती वर्षं म्हातारं करायचं.

असितान आली ती दोनच दिवसांसाठी. कोरोनं तिच्या लग्नासाठी म्हणून वर्षानुवर्षं जमवलेली फुलांच्या चित्रांची एनॅमलची भांडी एकात एक घालून कपड्यात बांधली. सिकासोला खोली घेतेय, तिघींत मिळून, असितान म्हणाली. कारखान्यात कायम करणार आहेत.

"जाळ्या उचलायलाच?" नुहूमनं विचारलं.

"जाळ्या उचलायलाच."

"आणि लग्न?"

"बघू." बुगुनीचं एक स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांनी सोलाबुगूत कुणालातरी विचारलं, कुठले जाकिते, आणि मग त्यांचा निरोप आला नाही. हे तिनं सांगितलं नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाजाराची लॉरी मशिदीपाशी थांबली होती. टपावर बसलेल्या हमालानं भांड्यांचं गाठोडं वर ओढून घेतलं आणि खालून चढणाऱ्या त्राओरेला हाक मारली, "ए गुलामा, पाय सांभाळ, मालकिणीची भांडी आहेत!" त्राओरेनं त्याला शिवी दिली. असितान बायकांत दाटीवाटीनं बसली. नुहूमला तिला काहीतरी सांगायचं होतं, तेवढ्यात लॉरी चालू झाली, आणि त्या आवाजात तो नुसता हात हलवत राहिला.

तिथून तो थेट ओढ्याकाठी गेला. झुमाना वाट बघत होता. काजूच्या रोपांत किती अंतर ठेवायचं हे मजुरांना कळत नव्हतं, म्हणून त्यानं काकांना बोलावलं होतं. शेत नांगरून सपाट पडलं होतं.

"किती ठेवायचं, काका?"

"दहा पावलं. कमी ठेवलंस तर मोठी झाल्यावर फांद्या एकमेकींत घुसतात," नुहूम म्हणाला. त्यानं वडाच्या खोडाकडे पाठ केली, दहा पावलं मोजत चालला, खुंटी ठोकली आणि पुढच्या दहा पावलांना लागला.